सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस किंवा सुपर्ब टीएसआय घेताय आणि कूलंट कमी होतोय? आधी हे तपासा

नाशकात पेट्रोल टर्बो सेदान सेकंडहँड घेणारे वाढलेत आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या मुंबई-पुण्याहून येतात. स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१७ ची आरएस २३०, सुपर्ब १.८ आणि २.०, आणि मिळालीच तर २०२० ची आरएस २४५ (ती भारतात फक्त २०० आली, त्यामुळे विकणारा भाव सोडत नाही). ह्या सगळ्या गाड्यांचं काम माझ्याकडे येतं आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच, कूलंट कमी होतोय. कुणी गाडी घ्यायच्या आधी विचारतो, बरेचसे घेतल्यावर येतात. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय, फुकट होणाऱ्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या नंतर.

लक्षणं कशी दिसतात

सकाळी गाडी चालू केली की कूलंटची लाइट किंवा मेसेज येतो आणि थोडं चालवलं की जातो. हे सगळ्यात कॉमन. इंजिन गार असताना लेव्हल खाली बसते, गरम झालं की कूलंट फुगून वर येतो, म्हणून लाइट जाते. नाशिकच्या थंडीत, निफाडला पारा ५-६ अंशांवर जातो त्या दिवसांत, अशा गाड्यांचे फोन जास्त येतात, कारण थंडीत प्लास्टिक आणि सील आकसतात आणि उन्हाळ्यात न दिसलेली बारीक गळती तेव्हा उघडी पडते.

दुसरं म्हणजे कूलंटची टाकी भरली की दोन-तीन आठवड्यांत परत मिनिममच्या खाली, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. तिसरं, गाडी बंद केल्यावर बोनेटपाशी गोडसर वास येतो. चौथं, हायवेला सगळं ठीक आणि घाटात किंवा द्वारका सर्कलला संध्याकाळी अडकलं की एसी मधेच गार हवा द्यायचा थांबतो. टेंपरेचर जास्त चढलं की गाडी स्वतःच एसीचा कंप्रेसर बंद करते, ते एसीचं दुखणं नसतं, पण लोक गॅस भरून घेतात आणि पैसे घालवतात.

आता वेगळी आणि गंभीर लक्षणं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, रात्रभर उभ्या गाडीचे वरचे होस पाइप सकाळीही दगडासारखे कडक, टाकीत सतत बुडबुडे. ह्यातलं एकही दिसलं तर खालच्या सोप्या तपासण्या करत बसू नका, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक ह्यांच्या मधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि सरळ खाली "इथून पुढे गॅरेज" मधल्या गॅस टेस्टवर जा.

इंजिन बंद केल्यावर पुढचा फॅन काही मिनिटं चालत राहतो, ते मात्र दुखणं नाही. टर्बो गार करण्यासाठी गाडी तसं मुद्दाम करते. उन्हाळ्यात तर करणारच.

मुळात होतं काय

ह्या गाड्यांमधलं इंजिन फोक्सवॅगन ग्रुपच्या ईए८८८ फॅमिलीचं तिसऱ्या पिढीचं. इंजिन दणकट आहे, टायमिंगला चेन आहे, मला स्वतःला फार आवडतं. पण त्याचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये आहेत आणि ते हाउसिंग इंजिनच्या पुढच्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला अशा अडचणीच्या जागी बसवलंय. थर्मोस्टॅटही साधा नाही, इंजिनचा ईसीयू, म्हणजे कॉम्प्युटर, मोटर लावलेल्या गोल व्हॉल्व्हने टेंपरेचर कमी-जास्त करतो. वर्षानुवर्षं गरम-गार, गरम-गार होऊन ते प्लास्टिक वाकतं, सील कडक होतात आणि कूलंट झिरपायला लागतो. हेडवर नाही, पिस्टनवर नाही, बहुतेक वेळा त्रास इथंच असतो. म्हणूनच "कूलंट कमी होतोय म्हणजे इंजिन गेलं" हे ऐकून चांगली गाडी सोडू नका आणि "सगळ्याच टीएसआय थोडा कूलंट खातात" हे ऐकून तशीच घेऊही नका. बंद सिस्टिम आहे, कूलंट खाल्ला जात नसतो, कुठून तरी बाहेर जात असतो, आणि तो कुठून जातोय हे कळल्याशिवाय सौदा करायचा नाही एवढंच माझं म्हणणं आहे.

एक खुलासा. लॉरा आरएस (आधीच्या पिढीची ऑक्टाव्हिया) किंवा त्या काळची सुपर्ब बघत असाल तर ते इंजिन आधीच्या पिढीचं, तिथं चेनचा टेन्शनर आणि ऑइल खाणं हे पहिले प्रश्न. आणि हौसेने जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी, म्हणजे लांब डिकीवाली इस्टेट शोधणारे काही जण आहेत, तिच्यातलं १.८ टर्बो आणखी वेगळं, त्यात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, म्हणजे पंप जाम झाला तर बेल्टही जातो. खालचं सगळं तिसऱ्या पिढीच्या इंजिनासाठी आहे. सुरुवातीच्या तपासण्या तशा कुठल्याही गाडीला चालतील.

गार इंजिनवर टाकी बघा (खर्च शून्य)

विकणाऱ्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर बसा, चहा घ्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. कारण गरम इंजिनमध्ये लेव्हल वरच दिसते आणि दोन खुणांच्या मध्ये दिसणारी टाकी बघून खूप जण फसलेत.

गार असताना लेव्हल मिनिमम आणि मॅक्सिममच्या मधे हवी. पण नुसती लेव्हल बघून थांबू नका, कारण सकाळी अर्धा लिटर ओतून लेव्हल कुणीही आणू शकतो. रंग बघा. ह्या गाड्यांना गुलाबी-जांभळट कूलंट येतो. हिरवा किंवा पिवळा दिसला तर कुणीतरी लोकल कूलंट टाकलाय. तपकिरी, गढूळ दिसला तर दोन जातींचे कूलंट एकत्र झालेत, आणि त्यांचा गाळ बारीक नळ्यांत, हीटरच्या कोअरमध्ये (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर), ऑइल कूलरमध्ये जाऊन बसतो. अगदी पाण्यासारखा फिका दिसला तर महिनोन् महिने नुसतं पाणी टाकून गाडी चालवलीय, म्हणजे गळती जुनी आहे आणि मालकाला ती नक्की माहीत आहे.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हे सर्रास होतं. शहराच्या बाहेरच्या बाजूला बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. बादलीला, गिझरला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनच्या आत बसतो. ह्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या आतच आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतो, त्यामुळे तिथली उष्णता भयंकर. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं असायला पाहिजे, कूलंटचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली तर अजिबात नको. नुसत्या पाण्याला गंजापासून संरक्षण नाही आणि ते उकळतंही लवकर. वाटेत अडकलात तर स्वच्छ पाणी टाकून घरी या, त्यात काही गैर नाही, पण मग सिस्टिम धुऊन नवीन कूलंट भरायचा.

टाकीत चमकणारे बारीक कण किंवा तपकिरी भुकटी दिसली तर गळती बुजवायची पावडर टाकल्याचा संशय घ्या. ती पावडर गळती बुजवते की नाही ते राहू द्या, हीटरचा कोअर मात्र नक्की बुजवते. अशी गाडी मी कुणालाच घ्या म्हणत नाही. टाकीच्या आत छोटी पिशवी दिसली तर घाबरू नका, काही टाक्यांत सिलिकाची पिशवी कंपनीच देते, पण ती फाटलेली असेल तर त्यातला माल सिस्टिमभर फिरलेला असतो आणि मग फ्लश करायलाच लागतो.

शेवटी टाकीवर लेव्हलपाशी मार्करने बारीक रेघ मारा आणि फोटो काढा. ही रेघ पुढे दोनदा लागणार आहे.

झाकण (सगळ्यात स्वस्त पार्ट)

इंजिन गार आहे तोवर झाकण काढून बघा. गरम असताना हात लावायचा नाही, आत दाब असतो, उकळता कूलंट तोंडावर येतो, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, हात भाजलेली माणसं बघितलीत.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. दीड बारच्या आसपास दाब धरून ठेवायचा आणि त्याच्या वर गेला की सोडायचा हे त्याचं काम. दाब असतो म्हणून कूलंट १०० अंशांच्या बऱ्याच वर जाऊनही उकळत नाही. रबर चिरलं किंवा व्हॉल्व्ह अडकला की दाब धरला जात नाही, घाटात कूलंट उकळतो, झाकणाखालून बाहेर येतो आणि गरम इंजिनवर वाळून जातो, खाली थेंबही दिसत नाही. झाकणाच्या कडेला आणि टाकीच्या मानेवर पांढरट डाग, वाळलेली खपली असेल तर आधी नवीन झाकण टाका. ओरिजिनलच घ्या, बाजारू झाकणाचा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडेल त्याचा भरवसा नाही. काही गाड्यांचं दुखणं एवढ्यावरच मिटतं.

लेव्हल बरोबर, रंग बरोबर, तरी लाइट लागते असं असेल तर टाकीतल्या सेन्सरच्या पिनांवर थर बसलेला असतो. टाकी साफ करून किंवा बदलून काम होतं, इंजिनाला काही झालेलं नसतं.

टॉर्च आणि नाक

बोनेटसमोर उभे राहा, टॉर्च घ्या आणि इनटेकच्या खाली, गिअरबॉक्सच्या डोक्यावर उजेड पाडा. सरळ दिसत नाही, मोबाइल आत घालून व्हिडिओ काढा, तो सोपा मार्ग. गिअरबॉक्सच्या वरच्या भागावर पांढरट-गुलाबी खपली किंवा वाळलेले ओघळ दिसले तर हाउसिंग झिरपतंय, त्यात फार शंका ठेवायला नको. गिअरबॉक्सच्या डोक्यावर दुसरीकडून कूलंट सहसा येत नाही.

खाली जमिनीवर काही का दिसत नाही ह्याचं उत्तर इंजिनखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आहे. आतून फोमसारखं अस्तर असतं, सगळं पिऊन घेतं. म्हणून "खाली एक थेंब दाखवा" असं विकणारा म्हणाला तर त्याला काही अर्थ नाही. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा, ट्रे सोडायला लावा, आतून ओला आहे का, डाग आहेत का बघा. पाना फिरवायचं काम आहे, कुठल्याही गॅरेजला होतं. जॅकवर गाडी उचलून स्वतः खाली सरकू नका.

मागच्या बाजूला टर्बोकडे जाणारे कूलंटचे बारीक पाइप आहेत, तिथली ओ-रिंगही झिरपते, वास तिथून जास्त येतो कारण टर्बो तापलेला असतो. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट दाबून बघा. ओलं आणि चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर तेलकट धुकं बसत असेल तर हीटरचा कोअर गळतोय. नुसतं ओलं, बिनवासाचं, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, तो किरकोळ प्रकार.

काट्यावर विश्वास ठेवू नका, ओबीडीवर बघा

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ह्या गाड्यांचा टेंपरेचरचा काटा ९० वर गेला की तिथंच चिकटतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलाय. खरं टेंपरेचर साधारण ७५ ते १०५ च्या दरम्यान कुठेही असलं तरी काटा ९०. म्हणून काटा मधोमध आहे ह्यावरून काही ठरत नाही आणि काटा हलला असेल तर गोष्ट आधीच हाताबाहेर चाललेली असते.

साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा) आणि मोबाइलवरचं अॅप, एवढं पुरतं. कूलंट टेंपरेचर लाइव्ह लावा. ८५ ते १०५ च्या मधे वर-खाली होत राहणं नॉर्मल आहे, ईसीयू लोड बघून मुद्दामच बदलत असतो, १०२ दिसलं म्हणून गाडी बाजूला घेऊ नका. चढावर ११० च्या पुढे चढतच चाललं आणि उतरेना तर मात्र गडबड आहे. उलट, हायवेला अर्धा तास चालवूनही ७०-७५ च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. त्याने गाडी तापत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण पार्ट तोच, बदलायचं हाउसिंग तेच आणि मजुरीही तेवढीच, त्यामुळे भावात धरायला हवं.

त्याच डोंगलने बिघाडाचे जुने कोड वाचून ठेवा. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर कशासाठी पुसले हे विचारा.

फॅन, रेडिएटर, जाळी

एसी फुल लावून उभ्या गाडीचा फॅन फिरतो का, स्पीड बदलतो का ऐका. मग पुढून ग्रिलमधून बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात आणि त्यांच्या फटीत धूळ, पानं, किडे जमतात. रात्री समृद्धीवरून आलेल्या गाडीचं नाक बघा, किड्यांचा थर असतो. हवाच आत जात नसेल तर नवीन पंप टाकूनही घाटात गाडी तापणार. धुताना साध्या पाइपने, शक्य तर इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मारायचं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पाती आडवी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत.

चालवून बघायची पद्धत

विकणारा म्हणेल समृद्धीवरून एक चक्कर मारू, १२० ला बघा कशी जाते. जाते छानच, त्यात वाद नाही, पण कूलिंगची परीक्षा तिथं होत नाही, १२० ला समोरून एवढी हवा येते की अर्धमेला फॅनही लपून जातो. परीक्षा घाटात होते, जिथं लोड जास्त आणि वेग कमी. गाडी मुंबईची असेल तर बघायला तिकडे जा आणि सौदा व्हायच्या आधी मालकाला सोबत घेऊन कसारा घाट चढा, एसी चालू, ओबीडी लावलेला. इगतपुरीला थांबून इंजिन १० मिनिटं चालू ठेवा, तेव्हा फॅन टेंपरेचर खाली आणतो की नाही ते बघा. समृद्धीने आलात तर तो चढ जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात निघून जातो आणि काहीच कळत नाही. खूप जण मुंबईला दोन तासात गाडी बघतात, पैसे देतात आणि पहिली लाइट कसाऱ्याला लागते.

गाडी नाशकातलीच असेल तर संध्याकाळी द्वारका, मुंबई नाका अशा गर्दीतून अर्धा-पाऊण तास फिरवा.

मग सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी टोकन देऊ नका, किंवा द्यायचंच असेल तर मेसेजवर अट लिहून द्या की दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर लेव्हल रेघेला असेल तर सौदा पक्का. रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चालू करायच्या आधी रेघ बघा. एका दिवसात स्पष्ट खाली उतरली तर गळती मोठी आहे. आणि जो मालक ह्यालाच तयार होत नाही त्याच्याकडून मी तरी गाडी घेणार नाही.

रिमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, केलंय का तेही विचारा. आरएस घेणारे बरेच जण करतात आणि त्यात पाप काही नाही, पण वाढलेल्या पॉवरबरोबर वाढलेली उष्णता त्याच रेडिएटरला सोसायची असते. सहा गिअरच्या डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलल्याचं बिल मागा, तो गिअरबॉक्स कूलंटनेच गार होतो.

इथून पुढे गॅरेज

घरी बघण्यासारखं इथं संपलं. रेघ खाली जातेय पण कुठून ते दिसत नाही, तर प्रेशर टेस्ट करा. गार इंजिनवर टाकीला पंप लावून दीड बारच्या आसपास दाब द्यायचा आणि १५-२० मिनिटं सोडून द्यायचं. काटा खाली आला म्हणजे गळती आहे, आणि इंजिन गार असल्यामुळे थेंब वाळत नाही, जागेवर दिसतो. सातपूर-अंबड भागात हे किट असलेली गॅरेजेस आहेत, गाडी न्यायच्या आधी फोन करून "कूलंट प्रेशर टेस्टर आहे का" एवढंच विचारा. नसेल आणि तरी "बघून सांगतो" म्हणाला तर दुसरीकडे जा. घ्यायच्या आधी ह्या टेस्टवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, कारण हातात पुरावा असला की भाव बोलता येतो.

दाब पडतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, किंवा सुरुवातीला लिहिलेली गंभीर लक्षणं आहेत, तर गॅस टेस्ट. टाकीच्या तोंडावर निळं केमिकल असलेली नळी लावतात, इंजिन चालू ठेवतात, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ही टेस्ट केल्याशिवाय कुणी हेड उतरवायला सांगितलं तर थांबा. एक सुपर्ब माझ्याकडे आली होती, दुसऱ्या गॅरेजने हेड गॅस्केट गेलं म्हणून मोठा खर्च सांगितलेला, मालक गाडी पडत्या भावात विकायला निघालेला. प्रेशर टेस्ट लावली, हाउसिंगच्या सीलमधून ओघळ. गॅस टेस्टला निळं ते निळंच राहिलं. पंप-थर्मोस्टॅट बदलला, गाडी अजून त्याच्याकडेच आहे.

टाकीत तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी चिकटा दिसला तरी लगेच हेड म्हणू नका. ऑइल कूलर आतून फुटला तरी तेच दिसतं आणि त्याचं काम हेडच्या मानाने बरंच कमी. आधी तो तपासून घ्या.

कुठं थांबायचं

हाउसिंग बदलायचं काम घरी करू नका, व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी. पंप बॅलन्सर शाफ्टवरून एका छोट्या दातेरी बेल्टने फिरतो, तो बेल्ट सोबतच नवीन टाकायचा असतो, बोल्ट प्लास्टिकमध्ये आहेत आणि ते टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमानेच कसायचे, एक जास्त आवळला की नवीन हाउसिंग पहिल्याच दिवशी वाकतं. वरून काम करताना इनटेक सोडायला लागला तर पेट्रोलची हाय प्रेशर लाइन हाताशी येते, ह्या इंजिनात तो दाब २०० बारपर्यंत जातो. तो न सोडता पाइप ढिला केला तर अंगावर आणि गरम इंजिनवर पेट्रोल उडतं. कूलंटही नुसता ओतून भरत नाही, व्हॅक्यूम लावून भरायचा, नाहीतर हवा अडकते आणि नवीन पंप असून गाडी तापते. मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा: पूर्ण असेंब्ली बदलणार का, बेल्ट नवीन टाकणार का, व्हॅक्यूमने भरणार का. तिन्हीला हो आलं तरच चावी द्या. आणि पार्ट मागवायच्या आधी चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा, १.८ आणि २.० मध्ये, वर्षावर्षात फरक आहेत.

गॅस टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि गाडी अजून तुमच्या नावावर नाही, तर सोडून द्या. कितीही चांगल्या भावात मिळत असली तरी. हेड किती वाकलंय, पिस्टनपर्यंत किती गेलंय हे खोलल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. गाडी आधीच तुमची असेल तर हेडचं काम मशिनिंगसकट करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपकडे द्या आणि तोपर्यंत चालू करू नका.

नुसतं हाउसिंग झिरपतंय, बाकी कूलंट गुलाबी, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण, तर गाडी बिनधास्त घ्या. पार्ट आणि मजुरीचं कोटेशन काढा, तेवढी रक्कम भावातून कमी करा आणि काम स्वतःच्या देखरेखीत करून घ्या. विकणारा "मी करून देतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा, तो स्वस्तातला पंप टाकणार.

रस्त्यात लाल लाइट लागली तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेण्याचा विचारही करू नका. एसी बंद, हीटर फुल, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद. हीटरने थोडी उष्णता आत खेचली जाते, तेवढीच मदत. टाकीला हात लावू नका. निदान पाऊण-एक तास थांबा, मग लेव्हल बघा. टाकी रिकामी असेल तर फ्लॅटबेड बोलवा, डीएसजी आहे, दोरीने ओढायची नाही. रिकाम्या टाकीवर चालवलेले पाच किलोमीटर हाउसिंगचं काम हेडच्या कामात बदलू शकतात.

काम झाल्यावर पहिल्या काही दिवसांत लेव्हल किंचित खाली येते, उरलीसुरली हवा निघत असते. डिस्टिल्ड पाणी मिसळलेला तोच कूलंट टाकून नवीन रेघ मारा आणि दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी बघत जा. दोन-तीन आठवड्यांनंतरही रेघ खाली जात असेल तर वरून भरत राहू नका, जिथं काम केलं तिथंच परत न्या आणि तुमच्यासमोर प्रेशर टेस्ट लावायला सांगा.